गुलमर्गला स्नोमोबाईल स्वतः चालवायची आहे, बुलेटवाल्याला सल्ला हवा

गोदाकाठचा_रायडर
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नाशिकहून पाच जण गुलमर्गला चाललोय: मी, बायको, ११ वर्षांचा मुलगा, आई (वय ६८) आणि मेव्हणा. मी २० वर्षं बुलेट चालवतोय. कसारा, सापुतारा तर नेहमीचंच, एकदा मनाली-लेहही झालंय. पण शाळेत असल्यापासून बर्फावर स्नोमोबाईल, म्हणजे पुढे स्की (बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या) आणि मागे फिरणारा पट्टा असलेली गाडी, चालवायचं मनात आहे. मागे बसून फोटो काढून परत यायचं नाही, हँडल माझ्या हातात हवं. चालवायला देतात का? बुलेटची सवय कितपत कामी येते? आणि आईला बसवावं का? ज्यांनी चालवलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निफाडची_सून
दादा, आम्ही मागच्या जानेवारीत जाऊन आलो. गोंडोलाचं (वर नेणाऱ्या केबल कारचं) तिकीट इथूनच ऑनलाइन काढा, तिथं जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. पहिल्या टप्प्यावर, कोंगडूरीला, स्नोमोबाईलवाले असतात. तिथला चालक पुढे बसतो आणि आपण मागे, हाच रिवाज. पैसे ठरवतानाच "सपाटीवर मला चालवायला द्याल का?" असं विचारून घ्या. आमच्या ह्यांना दिली, पण चालक मागे बसून होता आणि सारखा म्हणत होता, "अंगूठा धीरे, साहब, अंगूठा धीरे."

आईंचं म्हणाल तर, कोंगडूरी म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) जवळपास दुप्पट उंची. माझ्या सासूबाईंना चार पावलं चालून धाप लागली. गाडीचे धक्के थेट कमरेत बसतात. त्यांना आम्ही खाली गुलमर्गलाच कांगडी (निखाऱ्यांची टोपली) घेऊन उबेला बसवलं आणि त्या खूश होत्या. श्रीनगरला उतरलात की एक दिवस तिथं काढा, मगच वर जा.

गमबूट आणि जाड कोट गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला भाड्यानं मिळतात. मोबाईल पोस्टपेड हवा, आपलं प्रीपेड कार्ड काश्मीरमध्ये चालत नाही. आणि वहिनींना सांगा, ओढणी किंवा लांब मफलर अजिबात नको. मोटारसायकलच्या चाकात ओढणी अडकून काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, इथं तर मागे अख्खा पट्टा फिरत असतो.

एडमंटनचा_पंचवटीकर
भाऊ, मी मूळचा पंचवटीचा, १२ वर्षं झाली कॅनडात आहे. माझ्याकडे ६०० सीसीची टू-स्ट्रोक स्की-डू (स्नोमोबाईलचा ब्रँड) आहे. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

बुलेटची सवय तोल सांभाळायला, पुढचा रस्ता वाचायला कामी येईल. पण एका ठिकाणी ती घात करेल, ते आधी ऐका. स्नोमोबाईलचा ॲक्सिलरेटर पिळायचा नसतो. उजव्या मुठीपाशी अंगठ्यानं दाबायची एक पट्टी असते. ब्रेक डाव्या हाताला, म्हणजे तुमच्या क्लचच्या जागी. पायाला ना ब्रेक, ना गिअर. आता विचार करा, समोर अचानक माणूस आला तर बुलेटवाला काय करतो? उजवा पंजा आवळतो, कारण पुढचा ब्रेक तिथं असतो. इथं पंजा आवळला की अंगठाही दाबला जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळून पुढे जाते. मी पहिल्याच दिवशी अशीच गाडी कुंपणात घातली. गाडीत काही दोष नव्हता, हात माझा चुकला. म्हणून बसल्याबसल्या, इंजिन बंद असताना, ५० वेळा एकच गोष्ट करा: उजवा अंगठा उघडायचा, डावा हात दाबायचा.

दुसरं, घसरायला लागल्यावर पाय खाली टेकवायचा नाही. आपण मोटारसायकलवाले नकळत पाय काढतो. इथं गाडी दोनशे-अडीचशे किलोची असते, पाय पट्ट्याखाली किंवा स्कीखाली गेला तर मोडलाच. पाय कायम पायदानावर. वळताना नुसतं हँडल फिरवून भागत नाही, पुढच्या स्की सरळच घसरत राहतात. वळायच्या बाजूला अंग झोकावं लागतं आणि वळणाआधी वेग कमी करून वळताना किंचित अंगठा द्यावा लागतो.

किल्लीजवळ एक वेटोळ्यांची दोरी असते. ती जॅकेटला अडकवा. तुम्ही पडलात की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. चालक म्हणेल कशाला हवी, तरी लावा.

भुसभुशीत बर्फात गाडी रुतली तर अंगठा दाबत बसू नका. इगतपुरीकडं भाताच्या खाचरात ट्रॅक्टर रुतला की जितका रेस कराल तितकं चाक खाली जातं, तसंच. उतरायचं, पुढचा बर्फ पायानं तुडवून घट्ट करायचा, स्की धरून गाडी वर ओढायची, मग हळू काढायची. इकडे कॅनडात व्हेलमाउंटच्या डोंगरात मी एकदा दीड तास असा खपलो, आतले कपडे घामानं भिजले. नंतर वाऱ्यात तोच घाम गार पडला आणि दात वाजायला लागले. आत सुती बनियन घालू नका.

आणि कुणी "वरच्या उतारावर चला, मजा येईल" म्हणालं तर नाही म्हणा. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि बर्फावरच्या गाडीवाल्यांना चढच सगळ्यात जास्त मोहवतो. आम्ही डोंगरात जातो तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं यंत्र) असतो, पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी). उतारावर एका वेळी एकच जण. वर कुणी रुतला तर मदतीला दुसऱ्यानं गाडी घेऊन त्याच उतारावर जायचं नाही, अशानंच दोघं गाडले जातात. गाडलेल्याच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. हे सामान आणि सराव नसेल तर सपाटीवरच राहा. सपाटीवरही ही गाडी भरपूर आनंद देते, शपथेवर सांगतो.

सातपूर_गॅरेज
मी स्नोमोबाईल चालवलेली नाही, पण एका ओळखीच्या माणसाकडं एक खोलून पाहिलीय. आत व्हेरिएटर (आपोआप गिअर बदलणाऱ्या पुल्या) आणि बेल्ट, आपल्या ॲक्टिव्हासारखाच, फक्त दांडगा. पुढची पुली फिरायला लागली की वजनं बाहेर फेकली जातात, पुली मिटते, बेल्ट वर चढतो, म्हणून गिअर टाकायची भानगड नाही. बेल्ट तुटला तर गाडी जागच्या जागी उभी. लांब जाणार असाल तर जादा बेल्ट सोबत आहे का ते विचारा.

टू-स्ट्रोक घ्यावी का फोर-स्ट्रोक, असा प्रश्न पडेलच. भाड्याच्या गाडीत निवड आपल्या हातात नसते, पण टू-स्ट्रोक हलकी असते. उंचीवर दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते, म्हणजे १०,००० फुटांवर जवळपास तिसरा हिस्सा गेला. दोन जण बसून चढाला गाडी रडली तर ती बिघडलीय असं समजू नका.

त्र्यंबक_रोडवाला
जुनी मिळाली तर आणून इथं शेतात गवतावर चालवता येईल का? मनापासून विचारतोय.

सातपूर_गॅरेज
नको. पट्टा ज्या रुळांवर घसरतो त्यांना प्लास्टिकच्या पट्ट्या असतात आणि बर्फच त्यांचं वंगण. कोरड्या जमिनीवर त्या वितळतात. पाण्यानं थंड होणारी गाडी असेल तर पट्टा उडवतो त्या बर्फानंच तिचं पाणी थंड होतं, इथं ती थोड्याच वेळात गरम होऊन बसेल. तिकडंही बर्फ घट्ट काचेसारखा झाला की हाच त्रास होतो.

एडमंटनचा_पंचवटीकर
सातपूरवाल्या भाऊंचं बरोबर आहे. कडक बर्फावर आम्ही मुद्दाम बाजूच्या मऊ बर्फातून थोडं चालवून गाडी थंड करतो. गोदाकाठवाले भाऊ, तिथं तापमानाचा काटा चढताना दिसला तर तेच करा. आणखी एक, बऱ्याच टू-स्ट्रोकला रिव्हर्स गिअर नसतो. बटण दाबलं की इंजिन थांबल्यासारखं होतं आणि उलटं फिरायला लागतं. पहिल्यांदा वाटतं बंद पडली, घाबरू नका.

निफाडची_सून
मुलाचं राहिलं. हेल्मेट त्याच्या मापाचं हवं आणि पाय पायदानाला टेकायला हवेत. टेकत नसतील तर बसवू नका, रडला तरी. त्याच्यासाठी स्लेज आहे.

गोदाकाठचा_रायडर
सगळ्यांचे मनापासून आभार. आई खालीच राहील, तिला फोनवर विचारलं तर तीच म्हणाली कांगडीपाशी बसेन. पंचवटीकर भाऊ, तुमचा मजकूर वाचून आत्ता खुर्चीवर बसून करून पाहिलं. दहापैकी सात वेळा उजवा पंजा आवळलाच गेला! अजून महिना हातात आहे, रोज करतो. सातपूरवाले भाऊ, बेल्ट आणि पुली डोळ्यांनी बघायची इच्छा आहे. दाखवाल का?

सातपूर_गॅरेज
रविवारी सकाळी दहाला या, एक ॲक्टिव्हा उघडीच ठेवतो. मुलालाही आणा.