'सलाम' मराठी नाही का? आणि 'पुष्कळ सलाम' बरोबर की चूक?

शरणपूरची बाई
नाशिकला सोळा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि यंदा केनियातल्या मोंबासाला आले. इथे एका खासगी शाळेत गणित शिकवते. गावाकडच्या मंडळीने नाताळ अंकासाठी पत्र मागितलं होतं. इथली शाळा, बाजार, समुद्र असं सगळं लिहिलं आणि शेवटी, आई प्रत्येक पत्रात लिहायची तसं, 'सर्व मंडळीला पुष्कळ सलाम' असं लिहिलं. छापलेल्या पानाचा फोटो भावाने पाठवला. तिथे 'सर्वांना सादर प्रणाम' झालं आहे. विचारल्यावर उत्तर आलं की सलाम हा मराठी शब्द नाही, शिवाय हल्ली लोकांचा गैरसमज होतो.

मला फार लागलं. आमच्या घरी आजोबा दारात आलेल्या प्रत्येकाला सलाम म्हणत आणि हात जोडत. दोन्ही एकदम. त्यात काही विसंगत आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

त्यानंतरच्या रविवारी इथल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचला. मला स्वाहिली अजून येत नाही, वाक्यं नुसती कानावरून जातात. पण 'नीसालिमिएनी प्रिस्का ना आकिला', म्हणजे 'प्रिस्का आणि आकिला यांना माझा सलाम सांगा', हे ऐकलं आणि मी मान वर केली. आपल्या पवित्र शास्त्रातही पत्र लिहिणारा पौल तिथे एकेकाचं नाव घेऊन सलामच सांगतो. परक्या देशात पहिल्यांदा एक आख्खी ओळ कळली, ती या शब्दामुळे.

तर विचारायचं हे, की सलाम मराठी आहे की नाही? आणि 'पुष्कळ सलाम' व्याकरणात बसतं का? इथे लोक पत्रात 'सालामु न्यिंगी' लिहितात, म्हणजे अगदी तेच.

भगूरकर
बाई, नमस्कार. तुमचं वाईट वाटणं समजतं, पण ज्यांनी बदल केला त्यांचं भाषेच्या दृष्टीने चुकलं असं मला वाटत नाही. सलाम अरबी आहे. आपल्याकडे नमस्कार, प्रणाम, अभिवादन, वंदन इतके शब्द असताना तो का ठेवायचा? आमच्या गावच्या सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' दिले, तेव्हाही लोकांना ते जड वाटले होते. आज महापौर कोणाला खटकतो? शब्द वापरूनच रुळतो.

गोल्फ क्लब मैदान
मग सलामीचा फलंदाज काय म्हणून खेळायला जाणार? 'सहीसलामत घरी पोचलो' हे माझी नव्वदीची आजीही म्हणते, ती आयुष्यात दिंडोरीबाहेर फारशी गेलेली नाही.

भगूरकर
रुळलेला शब्द आणि आपला शब्द यांत फरक आहे. सलामी रुळली, मान्य. पण लिहिताना निवड आपल्या हातात असते ना? माझा मुद्दा एवढाच आहे.

वसईचा
अंकाच्या मुखपृष्ठावर 'नाताळ' छापलं असेलच. तो पोर्तुगीज. पाद्री पोर्तुगीज. चावी, परात, साबण, पगार यांची तर गोष्टच सोडा. चाळणी लावायची तर सगळ्यांना सारखी लावा. एकाच शब्दाला बाजूला काढलं की प्रश्न भाषेचा राहत नाही. बाईंना जे उत्तर मिळालं त्यातलं दुसरं कारण खरं आहे, पहिलं पांघरूण आहे.

पंचवटी १९५८
साबण अरबीतून आला असंही म्हणतात, पोर्तुगीजच धरून चालू नये.

बाई, एक विचारतो. 'मंडळीला सलाम' म्हणजे नेमकं कोणाला? आमच्या वडिलांच्या तोंडी 'आमची मंडळी' म्हणजे आई. 'मंडळी माहेरी गेल्यात' असं म्हणत.

शरणपूरची बाई
काका, आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्चचे सगळे लोक मिळून. इमारत वेगळी, तिला देऊळ म्हणतो. 'मंडळी देवळात जमली' असं आमचं वाक्य. पाळक मंडळीचा असतो, इमारतीचा नसतो.

वसईचा
आमच्या कॅथलिकांत मंडळी नाही, धर्मग्राम म्हणतात. पाळकही नाही, फादर. एकाच धर्माची दोन मराठी आहेत हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

येवल्याची मास्तरीण
मी नाशिकरोडच्या एका शाळेत आहे. आमच्या शिक्षक खोलीत सकाळी कोणी रामराम म्हणतं, कोणी जय भीम, एक सर जय जिनेंद्र, शिपाईमामा रामकृष्णहरी, आणि एक बाई सलाम म्हणायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्यांना सलाम म्हटलं आणि त्या रडल्या. प्रत्येकाच्या नमस्कारात त्याचं घर असतं. कोणी माझ्या तोंडचा जय भीम खोडून 'सादर प्रणाम' लिहिला तर ती दुरुस्ती आहे असं मी कधीच मानणार नाही. शब्द शुद्ध आहे की नाही हे विचारण्याआधी तो कोणाचा आहे हे विचारा.

भगूरकर
ताई, जय भीमशी तुलना मला पटत नाही. तो शब्द एका चळवळीतून जाणीवपूर्वक आला. सलाम सत्तेबरोबर आला.

येवल्याची मास्तरीण
आणि घराघरात माणसांनी ठेवून घेतला. आजोबा हात जोडून सलाम म्हणत होते, हे बाईंनी लिहिलंय ते पुन्हा वाचा.

तरुण मंडळ नाशिक
खरं सांगायचं तर आमच्या वयाचे ख्रिस्तीही आता सलाम कमी म्हणतात. 'प्रभूची स्तुती असो' म्हणतात, नाहीतर शालोम. गंमत म्हणजे शालोम आणि सलाम एकाच मुळाचे. हिब्रू आणि अरबी बहिणी. एक चालतो आणि दुसरा खोडला जातो.

शरणपूरची बाई
इथे प्रार्थनेला उभं राहणारा प्रत्येक जण 'ब्वाना असिफीवे' म्हणतो. म्हणजे अगदी प्रभूची स्तुती असो!

आणि शब्दांचं म्हणाल तर मला रोज घर सापडतं. गणिताला हेसाबु, पेनाला कालामु, पुस्तकाला किताबु, दुकानाला दुका, गाडीला गारी. पेरूला पेरा म्हणतात हे कळलं त्या दिवशी एक किलो जास्तच घेतले. वर्गातल्या बाकाला दावाती, यावर मी बरेच दिवस विचार करत होते. मग लक्षात आलं, आपली दौत! अरबीत शाईची ती दौत, इथे ती ज्यावर ठेवायची ते लाकूड झालं.

घड्याळाने मात्र फसवलं. शाळा 'सा मोजा'ला भरते, असं शिपायाने सांगितलं. मोजा म्हणजे एक, तेवढं येत होतं. इथले तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, सकाळी सात म्हणजे एक. शिकवायच्या पहिल्याच दिवशी मी उशिरा पोचले आणि मुलं रांगेत उभी होती. अजून आठवलं की जीव कासावीस होतो.

पंचवटी १९५८
आपल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजत. एक घटका २४ मिनिटांची. गोदाघाटावरच्या जुन्या गुरुजींना 'दहा घटका दिवस वर आला' असंच बोलताना ऐकलंय. तेव्हा बाई, तुम्ही चुकलात असं नाही, आपण घड्याळ बदललं, त्यांनी नाही.

त्र्यंबक नाका
गाडी, दुकान हे शब्द तिकडे आपल्या नाशिकच्या शरणपूरच्या मुलांनीच नेले, मी पैजेवर सांगतो! आफ्रिकेतून पकडून नेलेली मुलं इंग्रजांच्या आरमाराने गलबतांवरून सोडवली आणि त्यांतली कित्येक शरणपूरला ठेवली होती. तीच मोठी होऊन मोंबासाला परतली.

जुना शरणपूरकर
मुलांचं खरं, शब्दांचं नाही. गुजरात-कच्छचे व्यापारी त्या किनाऱ्यावर कितीतरी आधीपासून होते आणि १८९६ पासून रेल्वे बांधायला हजारो हिंदी मजूर गेले. दुका, गारी त्या वाटेने जास्त सहज गेले असतील.

पण मुलांबद्दल थोडं सांगतोच, कारण शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं. शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती १८५४ ला वसली, शरण आलेल्यांचं पूर म्हणून. तिथे शिकलेला जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या सफरीत होता. १८७३ ला लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचं नाव यानेच कोरलं आणि शवपेटीबरोबर थेट लंडनपर्यंत गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन झालं तेव्हा खांदेकऱ्यांत हा नाशिकला शिकलेला मुलगा होता. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रेरटाउन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावाने, आणि शरणपूरची बरीच माणसं तिकडे गेली. बाई, तुम्ही त्याच वाटेने गेला आहात. तिथली घंटा पाहिली का?

शरणपूरची बाई
पाहिली! त्या चौकालाच केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा, -नी म्हणजे आपला 'पाशी'. गुलामांची गलबतं दिसली की ती वाजवायचे असं इथले लोक सांगतात. बसमधून रोज तिच्यावरून जाते. नाशिकचं आणि तिचं नातं मला इथे आल्यावर कळलं, शरणपूरला वाढूनही. आता पुढच्या पत्रात हेच लिहिणार आहे, आणि शेवटी सलामच लिहिणार.

भगूरकर
लिहा बाई. मी माझं मत सोडलेलं नाही, पण तुमच्या सहीखालचा शब्द दुसऱ्याने न विचारता बदलायला नको होता, हे मान्य.

गोल्फ क्लब मैदान
'पुष्कळ'चं राहिलंच की. पुष्कळ पाणी, पुष्कळ माणसं दोन्ही म्हणतो, मग सलाम का नाही?

वसईचा
सलाम एकच असतो, तो पुष्कळ होत नाही. 'सप्रेम सलाम' म्हणा.

गोल्फ क्लब मैदान
'अनेक आशीर्वाद' होतात, 'लाख लाख शुभेच्छा' होतात, आणि सलामच तेवढा एक?

पंचवटी १९५८
ते दौतीचं मनातून जात नाही. आमच्याकडे दौत नव्हे, दऊत म्हणत, आणि शाळेत पट्टीला दोरीने बांधून न्यायचो. निफाडकडे काय म्हणत, कोणी सांगेल का?