आशाताईंचा थकवा: दुखणं पैशाचं की कागदाचं?

पाडेकर
राज्याने नोव्हेंबर 2023 पासून आशांना, म्हणजे गावागावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना, महिना 5000 रुपये वाढवून दिले, तरी कामाचा कंटाळा तसाच. दुखणं दुबार नोंदीचं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरभेट. बाळाला झोळीत घालून वजन, काखेत थर्मामीटर, नाळ कोरडी आहे का, अंगावर नीट ओढतंय का. हे खरं काम. मग तेच फॉर्मवर, नोंदवहीत आणि मोबाईलवर. पाड्यावर रेंज नसली की रात्री रस्त्यावर येऊन भरा!

हिशेबी
साफ असहमत. मुळात मोबदला तुकड्यातुकड्याने आहे. या सहा भेटींचे मिळून 250 रुपये. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिन्याने पोर सासरी. मग भेटी दोन गावांत वाटल्या जातात आणि दावा कुणाचा यावर वाद. दवाखान्यात बाळंतपण व्हावं म्हणून असलेल्या जननी सुरक्षा योजनेचं आणखी वेगळं: 300 गरोदरपणातल्या तपासण्यांचे, 300 दवाखान्यात नेण्याचे, पण आपल्याकडे फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायांसाठी. बाकीच्या बाईला रात्री दोनला नेलं तर त्या सदरात शून्य. माणूस थकतो तो इथे.

पाडेकर
मान्य, पण पैसे वाढले की कामही वाढतं. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म घ्या, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका पाहणारी प्रश्नावली: तंबाखू, दारू, कंबरेचा घेर. फॉर्ममागे 10 रुपये. हजार लोकवस्तीच्या गावात साडेतीनशेच्या वर फॉर्म होतात. आणि गावातल्या बाप्याच्या कमरेला टेप लावायला सुनेच्या वयाची बाई कचरते, मग आकडा अंदाजे पडतो. वर आयुष्मान (मोफत उपचाराचं) आणि आभा (आरोग्य ओळख क्रमांकाचं) कार्डं आहेतच.

गट_वीस
कागद बंद करा म्हणणं सोपं आहे. वीसेक आशांचे मोबदल्याचे दावे तपासताना त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाच्या हातात पुरावा नोंदवहीचाच असतो. ॲपवरची नोंद सिंक झाली नाही, म्हणजे वर पोचली नाही, तर भेट झालीच नाही असं धरतात, आणि पैसे कापले जातात ते ताईचे. आधी ॲप ऑफलाइन नीट चालू द्या, वहीचं नंतर बघू. शिवाय रजेचं कुणीच बोलत नाही. ताई आजारी पडली तर शेजारच्या गावची आशा तिच्या भेटी करेल, असा लेखी आदेश आणि तिचा मोबदला ठरवला तर निदान 42 दिवसांच्या मधे तिला अंथरुणाला पाठ टेकता येईल.

हिशेबी
बदली आशेला पैसे कोणत्या सदरातून देणार, तेवढं सांगा.