ओठात फिलर केलं, २० दिवस झाले तरी गाठ जात नाहीये, काय करू?

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, "कुणी सांगितले होते नसते उद्योग" हे आईकडून ऐकायचं बाकीच आहे, तेव्हा तेवढं सोडून बोला प्लीज.

वय २७, पुण्यात असते. वरचा ओठ पहिल्यापासून पातळ, हसले की गायबच होतो. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न, म्हणून मैत्रीण म्हणाली माझ्या ओळखीच्या पार्लरमध्ये एक बाई फिलर करतात (ओठ भरलेले दिसायला इंजेक्शनने जेल भरतात ते), एक एमएलची सिरिंज दोघींत घेतली तर निम्म्यात पडतं, मग काय गेलो दोघी. आधी तिचं झालं मग माझं. पहिले तीन दिवस मधमाश्यांनी फोडून काढल्यासारखं तोंड, घरी सांगितलं काहीतरी खाण्यात आलं. नंतर सूज उतरली पण उजवीकडे आतल्या बाजूने साबुदाण्याएवढी गाठ राहिली ती राहिलीच. दुखत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते आणि लिपस्टिक लावली की उंचवटा दिसतो. पार्लरवाल्या बाई म्हणतात मसाज कर, विरघळेल. काय भरलं विचारलं तर "इम्पोर्टेड आहे". बॉक्स, स्टिकर, बिल काहीच दिलं नाही.

हे विरघळवायचं इंजेक्शन असतं ना? त्या सोशल मीडियावाल्या उर्फी जावेदने २०२५ मध्ये ओठातलं फिलर विरघळवतानाचा व्हिडिओ टाकला होता तोच प्रकार का? तिचं तोंड बघून माझी तर झोपच उडालीय. लग्नाच्या आधी होईल का?

प्रतिसाद १
हो, हायल्युरोनिडेज म्हणतात त्याला. पण ते फक्त हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवतं, सिलिकॉन वगैरे भरलं असेल तर उपयोग शून्य. म्हणून तर स्टिकर हवा होता. परत जाऊन भांडा, निदान रिकाम्या बॉक्सचा फोटो तरी मागा.

प्रतिसाद २
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. मसाज बंद करा. ओठ पांढराफटक पडला, जांभळं जाळीदार काही दिसलं किंवा जोरात ठणकायला लागलं तर रक्तवाहिनी दबलेली असू शकते, तेव्हा सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. तुमचं वर्णन तसं वाटत नाही, पण गाठ लाल, गरम झाली तर इन्फेक्शन असू शकतं. एमडी डर्मॅटॉलॉजिस्टलाच दाखवा, आणि मधमाशी चावून कधी अंगभर रिअ‍ॅक्शन आली असेल तर विरघळवायच्या इंजेक्शनच्या आधी नक्की सांगा.

पण ताई, तुम्ही जे सहज लिहून गेलात ते मला गाठीपेक्षा जास्त खटकलं. सिरिंज एकच, आधी मैत्रिणीला मग तुम्हाला?

धागाकर्ती
हो पण सुई बदलली होती! माझ्यासमोर नवीन पाकीट फोडलं त्यांनी.

प्रतिसाद २
नुसती सुई बदलून भागत नाही, रक्त मागे सिरिंजमध्ये येऊ शकतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तिन्ही टेस्ट करा. आत्ता एकदा आणि डॉक्टर सांगतील तसं पुढे पुन्हा, कारण इतक्या लवकर काही वेळा दिसत नाही. सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची टेस्ट मोफत होते. हिपॅटायटिस बी ची लस झालीय का तेही बघा. घाबरवत नाहीये, बहुतेक काही निघणार नाही. आणि त्या सिरिंजमध्ये तुमच्या आधी फक्त मैत्रीणच होती कशावरून?

प्रतिसाद ३
बाप रे. आमच्या इथे तर चौघींनी मिळून एक घेतली होती, आत्ताच ग्रुपवर टाकते हे.

धागाकर्ती
सिरिंज फ्रिजमधून काढली होती. सील होतं का ते बघितलंच नाही आम्ही.

मैत्रिणीला केला फोन. तिचा ओठ मस्त बसलाय म्हणून ती म्हणे मी कशाला टेस्ट करू, अर्धा तास डोकं खाल्लं तेव्हा तयार झाली. उद्या सकाळी दोघी जातोय. आईला सांगितलं शॉपिंगला.