बऱ्या झालेल्या मनोरुग्ण स्त्रियांच्या हाफ-वे होमसाठी सरकारी अनुदान कोठून मिळेल?

प्रश्न (एका न्यासाच्या सचिव): आमच्या नोंदणीकृत न्यासाची तालुक्याच्या गावी एक इमारत आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयात बऱ्या झालेल्या, परंतु घरच्यांनी परत न नेलेल्या स्त्रियांसाठी तेथे हाफ-वे होम, म्हणजे रुग्णालय आणि समाजातील स्वतंत्र जीवन यांमधला निवारा, चालवावे, असा आमचा विचार आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या निधीतून साहाय्य मिळू शकेल काय?

निवृत्त समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती): त्या निधीवर विसंबून राहू नये. १९९६ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा पैसा व्यवहारात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व परिचारिका यांचे मानधन, औषधे, प्रशिक्षण आणि जनजागृती यांवर खर्च होतो. आपण केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेकडे पाहावे. उपचाराने स्थिरावलेल्या मनोरुग्णांचे हाफ-वे होम हा त्या योजनेतील स्वतंत्र प्रकल्पप्रकार आहे. अर्ज ई-अनुदान संकेतस्थळावर करावा लागतो. त्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणीचे काम हाती घ्यावे.

अशीच संस्था चालवणाऱ्या: अनुदान मंजूर झाले तरी हप्ता वेळेवर येईलच असे नाही, म्हणून किराणा आणि काळजीवाहकांचे पगार भागतील एवढी गंगाजळी आधी उभी करा. कागदपत्रांचीही तयारी ठेवा. या स्त्रियांकडे आधार कार्ड नाही म्हणून बँक खाते उघडत नाही, आणि खात्याअभावी संजय गांधी निराधार योजनेचे पैसे अडतात. आमच्याकडे आलेल्या एक बाई सुरुवातीला पाण्याचा नळ सोडण्यापूर्वीही परवानगी मागत असत. आज त्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या सांभाळतात. हा बदल घडवणारी काळजीवाहक टिकवायची, तर तिचा पगार महिनोन्महिने थकवून चालणार नाही, आणि अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांना ही साधी गोष्ट उमगत नाही याचे मला मनापासून दुःख होते.

एक वकील: ही मागणी दयेपोटी करू नका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ नुसार केवळ कुटुंब नाही, कुटुंबाने स्वीकारले नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, या कारणास्तव कोणालाही मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवता येत नाही. आणि ज्यांना रुग्णालयाची गरज उरलेली नाही त्यांच्यासाठी हाफ-वे होम व समूहगृहे उभारणे किंवा त्यांना आधार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. अर्जासोबत या कलमाचा आधार घेऊन जिल्हाधिकारी व आरोग्य विभाग यांना लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या.

प्रश्नकर्त्या: आभारी आहे. मग जिल्हा कार्यक्रमाचा आम्हांला काहीच उपयोग नाही काय?

निवृत्त समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती): आहे, आणि मोठा आहे. बाह्यरुग्ण तपासणी व नियमित औषधे जिल्हा रुग्णालयातून मोफत मिळू शकतात. तालुक्याला त्यांच्या पथकाची भेट कोणत्या दिवशी असते ते आताच विचारून ठेवा, म्हणजे औषधांचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरावा लागणार नाही.