अनुभव धागा: केडगावचं उज्जीवन आणि पंडिता रमाबाई

शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन, विधवांचं शिक्षण. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची सतरा वर्षं ज्या घटनेच्या छायेत गेली, ती, म्हणजे केडगावचं उज्जीवन (प्रार्थनेतून उठलेली धार्मिक जागृतीची लाट), बहुतेक चरित्रांत एका परिच्छेदात उरकलेली असते. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी पुण्याजवळच्या केडगावच्या मुक्ती सदनातल्या, म्हणजे आपल्या आश्रमातल्या, मुलींना विचारलं, रोज सकाळी माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशेच्या आसपास जणी बसू लागल्या. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात मुलींचं रडणं आणि प्रार्थना करणं जे सुरू झालं, त्याची बातमी पुढे जगभर गेली. वेल्समध्ये १९०४ साली आणि खासी टेकड्यांत १९०५ च्या मार्चमध्ये अशीच लाट आली होती. केडगावात मात्र कुणी गाजलेला वक्ता बाहेरून बोलावलेला नव्हता. दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या आणि त्यांना शिकवणारी बाई होती.

तुमच्या घरात, मंडळीत, गावात याबद्दल काही सांगितलं जात असेल तर लिहा. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणूनच लिहा, त्यालाही मोल आहे.

निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर

सर्वांना सलाम. माझी पणजी मूळची गुजरातची. छप्पनियाच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळात, १९०० साली, ज्या मुली केडगावला आल्या त्यांतली ती एक. गावाचं नाव तिला सांगता येत नसे. जन्मतारीख तर नव्हतीच. मराठी ती केडगावातच शिकली आणि मरेपर्यंत 'ळ' तिला नीट जमला नाही, असं आजी सांगायची.

उज्जीवनाच्या दिवसांत ती बारा-तेरा वर्षांची असावी. एका मुलीला अंगात अग्नी उतरल्यासारखं झालं आणि देखरेख करणारी बाई पाण्याची बादली घेऊन धावली, ही गोष्ट छापूनही आलेली आहे. आमच्या घरी सांगतात ती गोष्ट लहान आहे. पणजी तीन दिवस रडत होती आणि चौथ्या दिवशी कोठीवरच्या बाईंकडे जाऊन म्हणाली, मी शेंगदाणे चोरते. दुष्काळातून आलेलं पोर ते, उशाशी काहीतरी खायला असल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती. आजी म्हणायची, त्या रात्रीपासून ती मोकळ्या उशीवर झोपली. मी रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलं. उपाशी राहिलेल्या मुलाच्या मनातली ती भीती जाणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. म्हणून माझ्यासाठी उज्जीवन म्हणजे ती उशी.

पाळक, सोलापूर जिल्हा

मी संजीवन सभांतून बोलतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. आमच्याकडे आता सभा म्हटली की मंडप, कर्णे, फलकावर प्रवक्त्याचा मोठा फोटो आणि खाली 'आजारी लोकांना घेऊन या'. मी अशा सभांना गेलो आहे आणि जड मनाने परत आलो आहे. त्या वेळी मी रमाबाईंची १९०७ सालची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची त्यांनी स्वतः लिहिलेली हकीकत, पुन्हा काढून वाचतो.

त्यात त्या मोकळेपणाने लिहितात की १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आठएक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. एवढ्या विदुषीने हे जगासमोर लिहायचं! पुढे लोणावळ्याच्या शिबिरसभेत त्यांच्याबरोबर विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. त्यांनी देवाकडे काय मागितलं, तर पंधराचा वर्ग. दोनशे पंचवीस. मला ही प्रार्थना फार आवडते, कारण ती हिशेबी बाईची आहे. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, आणि मागितलेला आकडा फार मागे पडला. १९०० च्या सुमारास केडगावात दोन हजारांच्या घरात माणसं होती.

आता ३० जून १९०५. रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या, नेहमीसारख्या शांतपणे. मध्येच सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणं थांबवावं लागलं. तो दिवस मी नव्या सुवार्तिकांना शिकवतो तेव्हा सांगतो, इथे नीट बघा. त्यांनी मुलींना गप्प केलं नाही. आवाज चढवून सभा परत ताब्यातही घेतली नाही. उपदेशकाला हे सगळ्यात कठीण जातं. माझ्या सभेत एकदा मागच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने प्रार्थना करू लागली. आयोजकांनी मला खूण केली, चालू ठेवा. मी खाली बसलो. त्या संध्याकाळी माझं प्रवचन पूर्ण झालं नाही, आणि ते पुन्हा कुणी मागितलंही नाही.

शिक्षिका, पुणे

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात रमाबाईंचं नाव बरीच वर्षं घेतलं जात नव्हतं. १८९३ साली शारदा सदनातून ज्या घरांनी मुली काढून घेतल्या, त्यांत आमचं एक घर होतं. सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं असा आरोप झाला आणि सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, तेच ते प्रकरण. पणजोबांना आपली फसवणूक झाली असं वाटलं होतं. त्यांचं ते वाटणं मी खोटं म्हणणार नाही. पण काढून आणलेल्या त्या मुलीचं पुढे शिक्षण झालं नाही, हेही आमच्याच घरात सांगतात.

वर पाळकसाहेबांनी लिहिलं त्यावरून एक गोष्ट मांडावीशी वाटते. रमाबाईंचं बालपण पुराण सांगत हिंडण्यात गेलं. देवळांत, नदीच्या घाटांवर अनंतशास्त्री, लक्ष्मीबाई आणि मुलं भागवत वाचत आणि लोक देतील त्यावर जगत. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण थोड्याच महिन्यांत गेले तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. नंतर त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचले आणि १८७८ साली तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. म्हणजे हजारोंचा समुदाय आवाजावर धरून ठेवायचं शिक्षण त्यांना लहानपणापासून होतं. अशा बाईने केडगावात ते बाजूला ठेवून पोरींना बोलू दिलं! आणि दुष्काळात नेमक्या मुलीच शोधायला त्या का धावल्या, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज वाटत नाही.

आयटीत काम करणारा, ठाणे

मी ख्रिस्ती घरातलाच, पण हे रडणं, थरथरणं, अंगात येणं मला पचत नाही. अनाथ मुली, एकच मोठी व्यक्ती सर्वस्व, एका छपराखाली शेकडो जणी. तिथे एकीला झालं की दुसरीला होणारच. यात देव किती आणि दडपण किती, हे कसं ओळखायचं? मी मनापासून विचारतो आहे.

निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर

भाऊ, प्रश्न रास्त आहे. त्या वेळीही काही मिशनरींनी हाच विचारला होता. माझ्यापुरतं सांगते. लाट ओसरल्यावर काय उरलं ते पाहावं. तिथे आंधळ्या मुली ब्रेल वाचत होत्या, रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई अमेरिकेतून ते शिकून आल्या होत्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. गोठा, माग, तेलाचा घाणा, छापखाना सगळं बायकाच चालवत. आणि प्रार्थनेतून उठलेल्या मुली गट करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. माझी पणजी त्या गटांतून गेली. जिला आपलं गाव आठवत नव्हतं ती दुसऱ्यांच्या गावात जाऊन चावडीसमोर बोलली. दडपलेली पोर हे करते का?

खाणकाम अभियंता, सध्या चिलेत

धागा वाचून लिहायचं धाडस करतो. मी दौंडचा, म्हणजे केडगाव आमच्या लोकलच्या वाटेवरचं स्थानक. कामानिमित्त उत्तर चिलेत राहतो. इथे पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारे ख्रिस्ती, लोक खूप. आमच्या खाणीवरचा फोरमन त्यांच्यातला. मी भारतातला, पुण्याजवळचा, असं कळल्यावर त्याने विचारलं, 'मुक्ती' तुझ्या घरापासून किती लांब? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मग त्याने सांगितलं आणि मी नंतर वाचून खात्री केली. रमाबाईंबरोबर काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या मेथडिस्ट मिशनरी बाईंनी केडगावच्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. शिकागोत त्यांच्याबरोबर शिकलेली मैत्रीण इथल्या वाल्पाराइसो शहरातल्या मेथडिस्ट पाळकाची, विलिस हूवर यांची, पत्नी होती. १९०७ साली पुस्तिका तिच्याकडे पोहोचली. १९०९ साली त्या मंडळीत उज्जीवन झालं, पुढच्या वर्षी ते लोक जुन्या मिशनपासून वेगळे झाले, आणि आज इथल्या पेंटेकोस्टल मंडळ्या आपलं मूळ तिथपर्यंत नेतात. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या उज्जीवनाचं नाव जगभर घेतात, पण ते १९०६ चं. केडगाव त्याच्या आधीचं. मी लहानपणी कितीदा त्या स्थानकावरून गेलो असेन, कुणी एका शब्दाने हे सांगितलं नव्हतं. आता सुट्टीत आईला घेऊन तिथे जाणार आहे.

छापखान्याचा वारसा असलेल्या घरातली, पिंपरी

माझ्या आजीची आई केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवत असे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचं भाषांतर केलं, ते खेड्यातल्या बाईला वाचता यावं अशा सोप्या मराठीत. ते जुळवणं आणि छापणं मुक्तीतल्याच बायकांनी केलं. छपाई पूर्ण झाली तेव्हा १९२४ साल होतं. मनोरमाबाई १९२१ साली गेल्या, आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. दोघी नसताना उरलेलं काम त्या बायकांनी पूर्ण केलं, याचा आमच्या घरात फार अभिमान आहे.

आजीच्या आईचं नाव कुठेच छापलेलं नाही. माझ्याकडे एक फोटो आहे. त्यात छापखान्यातल्या बायका दोन रांगांत उभ्या आहेत, पण कोण कुठली ते कळत नाही. मुक्तीच्या 'मुक्ती प्रेअर बेल' या नियतकालिकाचे जुने अंक किंवा अशाच गटाचे फोटो कुणाकडे असतील, मागे नावं लिहिलेले, तर कृपया इथे कळवा. फोटो घेऊन मी स्वतः तुमच्याकडे येईन.