‘तुमचं घर विकत घ्यायचंय’ छापाची पत्रं: धंदा की अडल्याची अडवणूक?

क्लीव्हलंडकर
मंडळी, नोकरी सांभाळून जुनी घरं घेतो, दुरुस्त करतो, भाड्याने देतो. घरं शोधतो टपालाने. इथे अमेरिकेत काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) साइटवर घर कोणाचं आणि घरपट्टीचं बिल कुठल्या पत्त्यावर जातं, सगळं उघड असतं. घर क्लीव्हलंडला आणि बिल फ्लोरिडाला, म्हणजे मालक इथे राहत नाही. त्यातली वीसेक वर्षांपूर्वी घेतलेली, कर्ज बहुतेक फिटलेली घरं निवडायची. अशा ६०० जणांना दोन-दोन महिन्यांनी तीनदा पत्र पाठवलं. जुलै २०२५ मध्ये नुसतं तिकीटच ७८ सेंटचं झालं होतं. छपाई धरून दोनेक हजार डॉलर गेले. फोन आले अकरा, त्यातले तीन फक्त शिव्या घालायला. घर मिळालं एक, तेही तिसऱ्या पत्राला. फोन-मेसेजवर कायद्याची बरीच बंधनं आहेत, पत्राचं तसं नाही. बायको म्हणते, हे गिधाडाचं काम आहे. तुमचं मत?

कडूकारलं
वहिनींशी सहमत. तुमच्या धंद्यात ज्याला ‘मोटिव्हेटेड सेलर’ म्हणतात तो म्हणजे आपल्याकडचा अडला हरी. गाढव कोण ते तुम्हीच ठरवा.
आमच्या शेजारच्या अमेरिकन आजींचे यजमान गेले. सहा आठवड्यांत चौदा पत्रं. आजींनी ती बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती, मला वाचायला दिली. पिवळ्या रेघांचा कागद, निळी शाई, अगदी हाताने लिहिल्यासारखं. मी ओलं बोट फिरवून पाहिलं, शाई जराही पसरली नाही. चौदातली पाच तर शब्दशः सारखी, फक्त खालचं नाव वेगळं. एक पत्र थेट आजोबांच्या नावाने होतं. आजींनी ते तेवढं वेगळं काढून ठेवलंय.

उपरा_वारस
मी उलट बाजूने लिहितो. काकांचं टोलिडोचं घर माझ्या गळ्यात पडलं. मी डॅलसला. तळघरात पाणी, छप्पर गळतंय, तीन खोल्या भरून सामान. एजंट म्हणाला, आधी रिकामं करा, रंगवा, मग बघू. त्याच आठवड्यात एक पोस्टकार्ड आलं. माणूस आला, सामानासकट घर घेतलं, अठरा दिवसांत पैसे खात्यात. कमी मिळाले, माहीत आहे. पण दर वीकेंडला विमानाने जाऊन काकांचे जुने टीव्ही उचलणार कोण होतं?

कडूकारलं
तुम्हाला ‘कमी मिळाले’ हे माहीत होतं. आजींना कमी मिळतील हे माहीत नव्हतं. क्लीव्हलंडकर, तुम्ही भाव कसा काढता ते जरा लिहा.

क्लीव्हलंडकर
लपवण्यासारखं काही नाही. दुरुस्तीनंतर घर १ लाख ८० हजाराला जाईल असं धरू. त्याचे ७० टक्के, १ लाख २६ हजार. त्यातून दुरुस्तीचे ३५ हजार वजा. राहिले ९१. त्याच्या वर मी जात नाही. आणि काही जण तर स्वतः घेतही नाहीत, करार करतात आणि तो करारच दुसऱ्याला विकून मधले दहा हजार खातात. मी त्यातला नाही.

कडूकारलं
हे गणित पत्रात छापता का?

क्लीव्हलंडकर
नाही. कोण छापतं?

पेठेतला_पाहुणा
पुण्याहून. आमच्याकडे सातबारा ऑनलाइन दिसतो, पण त्यावर नाव असतं, टपालाचा पत्ता नाही. आमचं टपाल म्हणजे सोसायटीचा वॉचमन आणि इस्त्रीवाला. कोणाचा मुलगा कॅनडात स्थायिक झाला ते मुलाच्या आईच्या आधी त्यांना कळतं.

काळा_कोट
करार विकण्याच्या प्रकाराला इलिनॉयने २०१९ मध्ये चाप लावला: बारा महिन्यांत एकाहून जास्त केलेत तर लायसन्स हवं. पेनसिल्व्हेनियात जानेवारी २०२५ पासून लायसन्स लागतं, शिवाय घर विकणाऱ्याला करार मोडायची मुभा आहे. न्यूयॉर्क शहराच्या काही भागांत मालक सरकारकडे नाव नोंदवून असली विचारणा बंद करू शकतात.
पण दुसरी बाजूही बघा. मिनीॲपोलिसच्या जेराल्डीन टायलर, वय ९४. दंड-व्याज धरून टॅक्सची थकबाकी १५ हजार. काउंटीने फ्लॅट ४० हजाराला विकला आणि वरचे २५ हजारही ठेवून घेतले. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने हे घटनाबाह्य ठरवलं. जप्तीआधी कोणा ‘गिधाडाने’ ३० हजार दिले असते, तरी बाईंच्या हातात निम्मे उरले असते. थकबाकीदारांच्या यादीला पत्र पाठवण्यात मला काही गैर वाटत नाही.

कडूकारलं
थकबाकीदारांचं मान्य. मी प्रोबेटच्या, म्हणजे मयतांच्या यादीबद्दल बोलतेय. क्लीव्हलंडकर, तुमच्या ६०० मध्ये ती नावं होती?

क्लीव्हलंडकर
चाळीसेक होती. खरं सांगायचं तर मिळालेलं घर त्यातलंच. पहिलं पत्र गेलं तेव्हा बाईंना जाऊन दोन महिने झाले होते. फोन मुलाने केला.

उपरा_वारस
मुलाने आपणहून केला ना? मग मिटलं की.

कडूकारलं
शिव्या घालणारे तिघे कुठल्या यादीतले होते, तेही बघून सांगा.