मदत हवी आहे: लटकलेली एसएसएच सेशन्स एका फटक्यात कशी बंद करू?

नेट गेलं की एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून कमांड चालवायची सोय) विंडो गोठते. माझ्या बाजूने सुटका जमते: एंटर, टिल्ड (~), मग टिंब. (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेलो असेन तर टिल्ड दोनदा, नाहीतर बाहेरचंच कनेक्शन तुटतं. भोगलंय.) पण सर्व्हरवर जुनी सेशन्स तशीच लोंबकळत राहतात. आज 'हू' (कोण लॉगिन आहे ते दाखवणारी कमांड) मारलं तर माझ्याच नावाच्या ७ ओळी!

प्रोसेस बंद करणाऱ्या 'पीकिल' कमांडला डॅश टी (टर्मिनल निवडायचा पर्याय) देऊन पीटीएस/३, पीटीएस/४ असं एकेक टर्मिनल उडवतोय. साध्या टर्म ('बंद हो') सिग्नलला बॅश (कमांड घेणारा शेल) दाद देत नाही, हप ('टर्मिनल तुटलं') द्यावा लागतो. घाईत एकदा स्वतःचंच चालू टर्मिनल उडवलं.

'टीटीवाय' कमांडने दिसणारा माझ्या चालू टर्मिनलचा नंबर वगळून बाकीची एका ओळीत बंद होतील का? टीमक्सच्या (एका विंडोत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) पेनलाही, म्हणजे कप्प्यांनाही, पीटीएस नंबर असतात, त्यांना धक्का नको. रूट (अ‍ॅडमिन) हक्क नाहीत.